दार आतून लागतं तेव्हा: ओव्हरडोसचे मृत्यू रोखण्यासाठी वस्तीनं काय करायचं

ओव्हरडोसचा मृत्यू पुष्कळदा गाजावाजा न करता येतो, आणि घरात माणसं असताना येतो. बाथरूमला आतून कडी असते, नळ चालू असतो, बाहेर कोणीतरी म्हणतं, ‘आज फारच वेळ लावला यानं.’ किंवा रात्री शेजारच्या खोलीतून जोरजोरात घोरण्याचा आवाज येतो आणि आईला वाटतं, चार रात्री तळमळलेलं पोर एकदाचं झोपलं. आमच्या एका प्रशिक्षणात एका मावशींनी हेच सांगितलं. घोरणं ऐकून त्या निर्धास्त झाल्या, दिवा मालवून झोपल्या. सकाळी मुलगा उठला नाही. घशात अडकत, घरघरत येणारा तो आवाज झोपेचा नव्हता, बंद पडत चाललेल्या श्वासाचा होता. मावशींनी तो आवाज सगळ्यांसमोर काढून दाखवला. त्यानंतर त्या खोलीतलं कोणीही तो विसरलं असेल असं मला वाटत नाही.

हेरॉइन, गर्द, मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडोल, फेंटानिल ही सगळी ओपिऑइड, म्हणजे अफूपासून निघालेली किंवा अफूसारखंच काम करणारी द्रव्यं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये अमली पदार्थांच्या वापरामुळे जगभरात सुमारे ६ लाख माणसं दगावली आणि त्यातल्या जवळपास ८० टक्के मृत्यूंचा संबंध ओपिऑइडशी होता. यातल्या ओव्हरडोसवर उतारा आहे. तो वर्षानुवर्षं उपलब्ध आहे, आणि साध्या माणसाला तासाभरात शिकता येतो. फक्त तो देणारं कोणीतरी शेजारी असावं लागतं. म्हणून वस्तीचं पहिलं काम व्यसन सोडवणं हे नाही. माणूस एकटा मरणार नाही हे बघणं, हे पहिलं काम. व्यसनमुक्ती त्यानंतर येते, कारण ती जिवंत माणसाचीच होते.

श्वास का थांबतो

हे नीट समजलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप लक्षात राहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र ‘श्वास घे’ असा हुकूम देतं. ओपिऑइड त्या केंद्राला गुंगी आणतं. हुकूम उशिरा सुटतो, मग सुटतच नाही. हृदय काही काळ चालू असतं, पण रक्तात प्राणवायू नसतो, आणि काही मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणजे माणसाला खरी गरज हवेची असते. बाकी सगळं त्यानंतर.

दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या असतील तर तेच केंद्र दोन बाजूंनी दाबलं जातं. फेंटानिल तर हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र असतं. ते भेसळ म्हणून मिसळलेलं असेल तर रोजचीच मात्रा जीव घेऊ शकते.

आधी नावं नाही, वेळा शोधा

वस्तीतला गट जमला की पहिली सूचना बहुतेक वेळा पोस्टरची किंवा व्याख्यानाची येते. माझा आग्रह वेगळा आहे. पहिल्या बैठकीत एवढंच लिहून काढा: आपल्याकडे माणूस कोणत्या वेळी आणि कुठे सर्वांत जास्त धोक्यात असतो? यादी व्यक्तींची करू नका. तसल्या यादीचा गैरवापर होतो आणि ज्यांच्यासाठी काम करायचं तेच लांब पळतात.

सर्वांत धोक्याची वेळ म्हणजे खंड पडल्यानंतरची. तुरुंगातून सुटल्यावर, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर, लांबलेल्या आजारपणानंतर शरीराची ती मात्रा पेलायची सवय मोडलेली असते, पण हाताला मात्रा जुनीच आठवते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक अभ्यास झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसनं मरण्याचा धोका इतर रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट निघाला. घरी स्वागत होतं, सगळे म्हणतात ‘आता सुधारला’, आणि नेमक्या त्याच दिवसांत माणूस जातो. त्यामुळे सुटकेची किंवा डिस्चार्जची तारीख ठाऊक असेल तर त्या पंधरवड्यासाठी सोबत ठरवून ठेवा.

धोक्याच्या आणखी वेळा म्हणजे एकदा ओव्हरडोस होऊन वाचल्यानंतरचे दिवस, माल आणणारा बदलला ती वेळ, आणि जवळचं कोणी गेल्यानंतरचे आठवडे. जागांमध्ये सार्वजनिक शौचालयं, लॉजच्या खोल्या, बंद पडलेल्या इमारती येतात. शौचालय सांभाळणारा माणूस तुमच्या गटाच्या अध्यक्षापेक्षा जास्त उपयोगाचा ठरू शकतो. त्याला पहिल्या प्रशिक्षणाला बोलवा.

उतारा कोणाच्या हातात

उताऱ्याचं नाव नॅलोक्सोन. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ओपिऑइड मेंदूतल्या ज्या जागांवर बसतं, तिथून नॅलोक्सोन त्याला ढकलून देतं आणि स्वतः जागा अडवून धरतं. त्याची नशा होत नाही, सवय लागत नाही. अंगात ओपिऑइड नसेल तर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, म्हणून शंका असली तरी द्यावं.

तरीही कितीतरी वर्षं ते फक्त दवाखान्यांत आणि अँब्युलन्समध्ये राहिलं. १९९६ मध्ये शिकागो रिकव्हरी अलायन्स या गटानं ते थेट नशा करणाऱ्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली. पुष्कळांना हे विपरीत वाटलं. पण ओव्हरडोस होताना समोर कोण असतं? बरोबर नशा करणारा मित्र, किंवा घरचं माणूस. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही हेच सांगितलं की ज्यांच्यासमोर ओव्हरडोस होण्याची शक्यता आहे, त्या सर्वांना नॅलोक्सोन मिळायला हवं. पुढे कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान आणि युक्रेनमध्ये अशा हजारो लोकांना शिकवण्यात आलं. ज्यांच्यासमोर नंतर ओव्हरडोस झाला त्यातल्या सुमारे ९० टक्के लोकांनी औषध वापरलं, आणि ते मिळालेले जवळपास सगळे वाचले.

‘उतारा जवळ असला की माणूस बेफिकीर होऊन जास्त घेईल’ ही शंका प्रत्येक बैठकीत निघते. उत्तर शांतपणे द्या. नॅलोक्सोन दिल्यावर माणसाला क्षणात विड्रॉवल लागतं, ज्याला वापरणारे ‘टर्की’ म्हणतात: अंग मोडून येतं, उलट्या होतात, जीव नकोसा होतो. ज्यानं ती एकदा भोगली आहे तो उताऱ्याच्या भरवशावर मात्रा वाढवत नाही.

ते कसं मिळतं, प्रिस्क्रिप्शन लागतं का, स्प्रे मिळतो की फक्त इंजेक्शन, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. एक फार्मासिस्ट आणि एक डॉक्टर गटाशी जोडून घ्या आणि मिळवण्याची जबाबदारी एकाच माणसावर सोपवा. साठा उष्णतेपासून आणि उन्हापासून लांब ठेवा. तो कुलूपबंद कपाटात मात्र ठेवू नका. मध्यरात्री किल्ली ज्याच्याकडे असते तो नेमका गावाला गेलेला असतो.

ती पाच मिनिटं

हा भाग जमिनीवर बसून, हातानं करून शिकवा. वाचून येत नाही.

माणूस दिसला की आधी मोठ्यानं हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नाही? मूठ वळून बोटांची पेरं छातीच्या मधल्या हाडावर जोरानं घासा. नुसत्या नशेतला माणूस कण्हतो, हात झटकतो. ओव्हरडोस झालेला काहीच करत नाही. छातीकडे बघा. पाच सेकंदांत एकही श्वास दिसत नसेल, किंवा घरघर, घोरणं ऐकू येत असेल, तर आणखी खात्री करत बसू नका. ओठ आणि नखं निळसर दिसतात. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसात राखाडी, फिकट दिसतात, म्हणून ओठाची आतली बाजू बघा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात.

तातडीच्या सेवेला फोन करा आणि पहिलं वाक्य हेच म्हणा: ‘माणूस श्वास घेत नाही, हलत नाही.’ मग पत्ता. फोन स्पीकरवर ठेवा आणि ते सांगतील तसं करत राहा. दुसरं कोणी असेल तर त्याला रस्त्यावर उभं करा, अँब्युलन्सला घर शोधायला वेळ जातो.

मग नॅलोक्सोन. स्प्रे असेल तर माणसाला उताणं झोपवा, डोकं मागे कलवा, नळी एका नाकपुडीत पूर्ण आत घाला आणि खटका दाबा. आधी हवेत दाबून बघू नका. एका स्प्रेत एकच मात्रा असते, ती वाया जाते. इंजेक्शन असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा दंडाच्या स्नायूत द्या. वेळप्रसंगी कपड्यांवरून दिलं तरी चालतं.

औषध चढायला दोन-तीन मिनिटं लागतात. लोक चुकतात ते याच वेळी. सगळे औषधाकडे डोळे लावून बसतात आणि माणूस तोपर्यंत हवेविना पडून असतो. हनुवटी वर उचला, तोंडात काही अडकलंय का बघा, नाक चिमटीत धरा आणि तोंडानं श्वास द्या. छाती वर यायला हवी, पोट नाही. दर पाच सेकंदांना एक. शिकवताना आम्ही सगळ्यांना एका सुरात मोजायला लावतो: एक, दोन, तीन, चार, श्वास. घाबरलेला माणूस भराभर मोजतो, म्हणून मोजायचं काम दुसऱ्यानं करावं. नाडी लागत नसेल आणि छाती दाबायचं प्रशिक्षण असेल तर ते सुरू करा. नसेल तर फोनवरचा माणूस सांगेल तसं करा. दोन-तीन मिनिटांनी फरक पडला नाही तर दुसरी मात्रा, दुसऱ्या नाकपुडीत.

झायलाझिनसारखं गुंगीचं औषध मिसळलेलं असेल तर नॅलोक्सोन त्यावर चालत नाही, आणि श्वास परत आला तरी माणूस लगेच डोळे उघडत नाही. तिथे मात्रेमागून मात्रा देत बसू नका. श्वास चालू आहे ना, हे बघत राहा.

थंड पाणी ओतणं, बर्फ लावणं, मिठाचं पाणी किंवा दूध पाजणं, थोबाडीत मारणं, धरून चालवणं, उलटी काढायला लावणं, यातलं काहीही करू नका. बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी फुफ्फुसात जातं. आणि ‘झोपू दे, उतरेल’ या वाक्यानं जेवढे जीव घेतले असतील तेवढे बाकी कशानं घेतले नसतील असं मला मनापासून वाटतं.

पोलिसांच्या भीतीनं फोन न करणं हे मृत्यूचं मोठं कारण आहे. न्यू मेक्सिकोनं २००७ मध्ये मदतीला बोलावणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला, आणि पुढे अमेरिकेतल्या इतर राज्यांनीही केले. तुमच्याकडे असा कायदा आहे का, त्याच्या मर्यादा काय, हे वकिलाकडून समजून घ्या आणि ते खरं-खरं सांगा. नसेल तर स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांशी बैठक घ्या. ओव्हरडोसच्या कॉलवर आधी जीव, मग चौकशी, एवढं तरी ठरवून घ्या.

डोळे उघडल्यावर

शुद्धीवर येणारा माणूस तुमचे आभार मानेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला टर्की लागलेली असते, काय झालं ते आठवत नसतं, तो चिडतो, उठून जायला बघतो. हलक्या आवाजात, कमी शब्दांत बोला: ‘तुझा श्वास थांबला होता. तुला औषध दिलंय. मी इथेच आहे.’ उपदेश नको. कुशीवर, वरचा गुडघा दुमडून, गालाखाली हात ठेवून झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात जाणार नाही.

नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो. मेथाडोनसारखी ओपिऑइड त्याहून कितीतरी जास्त वेळ अंगात असतात, त्यामुळे श्वास पुन्हा मंदावू शकतो. दवाखान्यात न्यावं हे उत्तम. तो ठाम नकार देत असेल तर पुढचे काही तास कोणीतरी शेजारी बसलंच पाहिजे. टर्की घालवायला लगेच पुन्हा काही घेऊ नको, ते अंगात साठतंय, हे त्याला सांगा.

वाचवणाऱ्याचाही विचार करा. दुसऱ्याच्या ओठांना तोंड लावून वीस मिनिटं मोजलेल्या मुलाचे हात नंतर थरथरत असतात. त्याच दिवशी त्याच्याशी बोला. माणूस वाचला नसेल तर दुप्पट बोला.

जो एकटाच घेणार आहे त्याच्यासाठी

काही जण कितीही सांगितलं तरी आज थांबणार नाहीत. त्यांच्याशी बोलणं तोडलं की दार आणखी घट्ट लागतं. त्यांना सांगा: एकटा असू नकोस, कडी लावू नकोस, खंड पडला असेल तर आधी अगदी थोडं घेऊन थांब, दारू आणि गोळ्यांबरोबर घेऊ नकोस. दोघं असाल तर एकदम घेऊ नका. फेंटानिल ओळखणाऱ्या पट्ट्या मिळत असतील तर वापरा. त्या फक्त ‘आहे किंवा नाही’ सांगतात, किती ते नाही.

अमेरिका आणि कॅनडात अशांसाठी फोनसेवा चालतात. पलीकडचा माणूस पत्ता विचारून घेतो, बोलत राहतो आणि उत्तर येईनासं झालं की मदत पाठवतो. मोठी यंत्रणा नसली तरी दोन मित्रांत हे ठरू शकतं. ‘दादा, मी आत चाललोय, फोन चालू ठेवतो.’ ‘ठेव. दर मिनिटाला आवाज दे. नाही दिलास तर मी येतोय आणि अँब्युलन्सही येतेय.’ हे ऐकून अस्वस्थ वाटतं, मलाही वाटायचं. पण जो फोन करतो आहे त्याला जगायचं आहे, आणि उपचारांची गोष्ट पुढे याच फोनवर निघते.

उपचार म्हणजे फक्त भरती नव्हे

घरच्यांचा पहिला विचार असतो: कुठेतरी दाखल करू, एक महिना ठेवू, स्वच्छ होऊन येईल. नुसतं डिटॉक्स करून, म्हणजे अंगातली नशा उतरवून, पुढे कुठलंही औषध न देता घरी सोडणं ओपिऑइडच्या बाबतीत धोकादायक आहे, कारण तलफ तशीच राहते आणि मात्रा पेलायची सवय मात्र मोडलेली असते.

यात सर्वांत भक्कम पुरावा आहे तो मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या औषधांचा. ही स्वतः ओपिऑइडच, पण ठरलेल्या मात्रेत दिली की तलफ आणि टर्की थोपवतात. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोन उपचारांचे पहिले निष्कर्ष मांडले. २००५ पासून दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. उपचार चालू असताना मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो. फ्रान्सनं १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली. पुढच्या चार वर्षांत तिथले हेरॉइन ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले.

ब्युप्रेनॉर्फिन सुरू करताना शरीरात आधीचं ओपिऑइड उतरू लागलेलं असावं लागतं, नाहीतर तेच औषध टर्की ओढवून आणतं. पहिल्याच दिवशी असा अनुभव आलेला माणूस परत फिरकत नाही, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सुरू करावं. कधी थांबवायचं हेही घाईनं ठरवू नये. काही जणांना ते वर्षानुवर्षं लागतं.

‘एक नशा सोडून दुसरी धरली’ हे वाक्य व्यसनातून बाहेर आलेल्यांच्याच तोंडून ऐकलं की मला फार वाईट वाटतं. रोज ठरलेली मात्रा घेऊन कामावर जाणारा, मुलांना शाळेत सोडणारा माणूस सावरलेलाच आहे. तुमच्या गटात औषधावर असलेल्याला बोलायची परवानगी नसेल तर तो नियम आजच बदला. त्या नियमाच्या दडपणाखाली कोणीतरी गोळी बंद करतं, आणि त्या खंडानंतर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

वस्तीनं इथे करायचं काम साधं आहे. सोबत जायचं. ओव्हरडोसनंतरच्या एक-दोन दिवसांत, स्वतः त्या वाटेनं गेलेल्या माणसाला घरी पाठवा. तो केसपेपर काढायला रांगेत उभा राहतो, आत काय विचारतील ते आधी सांगतो, परतीचा रिक्षा किंवा बस बघतो. उपचारांपासून लोक दुरावतात ते बहुधा अशाच छोट्या अडचणींनी: ओळखपत्र नाही, दवाखान्याची वेळ कामाच्या वेळेत, लहान मूल सांभाळायला कोणी नाही.

नंतरची लांब वाट

नार्कोटिक्स अॅनॉनिमस या, व्यसनातून बाहेर येणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगा १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाल्या. आज त्या जगभर आहेत आणि पुष्कळांना तिथेच पहिल्यांदा कोणीतरी पूर्ण ऐकून घेतं. त्या मीटिंगा सगळ्यांना मानवतात असं नाही. कोणाला समुपदेशन, कोणाला काम, कोणाला नुसता संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेचा आधार हवा असतो, कारण तलफ त्याच वेळी येते.

स्लिप झाली, म्हणजे पुन्हा नशा केली, तर माणसाला गटातून काढू नका. स्लिपनंतर तो लपतो, लपला की एकटा होतो. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ हे पहिलं वाक्य असू दे, आणि दुसरं, ‘नॅलोक्सोन जवळ आहे ना?’

भाषेकडेही लक्ष द्या. गर्दुल्ला, नशेडी, चरसी हे शब्द बैठकीत चालू दिले तर त्या माणसाची आई पुढच्या बैठकीला येणार नाही. घरात कोणाच्या ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या असतील तर त्या औषध परत घेणाऱ्या केंद्रात द्या, तोवर कुलपात ठेवा.

किती कामं हाती घ्यायची

अमेरिकेतल्या केंटकी, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क आणि ओहायो या चार राज्यांत ६७ भागांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. स्थानिक गटांनी पुराव्यावर आधारलेले उपाय निवडले आणि राबवायला घेतले. २०२४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. पण तपशील बघण्यासारखा आहे. राबवलेल्या ६१५ उपायांपैकी मोजणीचं वर्ष सुरू होण्याआधी फक्त २३५ सुरू झाले होते. बाकीचे उशिरा आले, त्यात कोविडचा काळ आणि फेंटानिलचा लोंढा. उलट मॅसॅच्युसेट्समध्येच आधी झालेल्या एका अभ्यासात, ज्या भागांत जास्त लोकांनी नॅलोक्सोनचं प्रशिक्षण घेतलं होतं तिथे मृत्यूदर कमी आढळला होता.

यावरून मी एवढंच घेतो: तीनच कामं धरा आणि ती पहिल्या महिन्यात सुरू करा. उतारा योग्य हातांत, सुटकेनंतरच्या पंधरवड्याची सोबत, आणि औषधोपचारापर्यंत हात धरून नेणं. वहीत दर महिन्याला चारच आकडे लिहा: नॅलोक्सोनच्या किती पेट्या दिल्या, किती वापरल्या, किती जणांना उपचारापर्यंत नेलं, त्यातले तीन महिन्यांनी किती टिकले. नावं लिहू नका.

३१ ऑगस्ट हा आंतरराष्ट्रीय ओव्हरडोस जागरूकता दिन, २००१ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेला. त्या संध्याकाळी गेलेल्यांच्या घरच्यांना बोलवा, ज्यांना बोलायचं आहे त्यांना बोलू द्या, भाषणं ठेवू नका. आमच्याकडे त्या मावशी येतात. उठायच्या आधी सगळे आपापल्या पिशवीतली नॅलोक्सोनची पेटी काढून मधल्या टेबलावर ठेवतात, आणि मावशी चष्मा लावून एकेका पेटीवरची मुदत वाचत जातात.